चौदा दिवसांची मिशन ट्रिप आणि त्यातले पहिले चार गेस्टहाउसमध्ये?

मुक्काम_पोस्ट
परदेशात दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिपला, म्हणजे चर्चतर्फे सेवेला, जाणाऱ्यांसाठी एका टीम लीडरने लिहिलेल्या सूचना फिरत फिरत आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर आल्या. थोडक्यात असं, की पोचल्यावर पहिले चार दिवस अख्ख्या टीमने गेस्टहाउसमध्येच राहायचं, झोप भरून काढायची, सकाळ-संध्याकाळ आपापसात प्रार्थना आणि शेअरिंग, जेवणही आपलं आपण, आणि मन स्थिर झालं की मगच स्थानिक मंडळीत जायचं. खाली आमेन आमेनची रांग. मला राहवलं नाही.

चौदातले प्रवासाचे दोन गेले, हे चार गेले, शेवटचा दिवस सामान आणि निरोपात. उरलं काय? आणि आपण ज्यांच्याकडे जातोय ते लोक चार दिवस रस्त्यापलीकडून बघत बसणार की पाहुणे आलेत पण बाहेर येत नाहीत. बायबलमध्ये लूक १० मध्ये प्रभू येशूने शिष्यांना जोडीजोडीने पाठवताना काय सांगितलं? जे घर स्वागत करेल त्याच घरात राहा, पुढे ठेवतील ते खा, घरोघर फिरू नका. आधी चार दिवस वेगळे बसा असं कुठे आहे?

१९८० च्या दशकात मिशनऱ्यांना भाषा शिकायला शिकवणाऱ्या ब्रूस्टर दांपत्याने हेच मांडलं होतं. नवीन माणूस उतरतो तेव्हा पहिले दिवस तो सगळ्यात जास्त टिपत असतो, त्या दिवसांत तो ज्यांच्याशी जोडला जातो त्यांच्याचकडे पुढे धावतो. ते दिवस आपल्याच टीमसोबत घालवले की पुढचेही तसेच जातात. आमच्या वेळी खोल्या कमी पडल्या म्हणून अर्ध्या लोकांना घरांमध्ये ठेवलं. मी ज्या घरात होतो तिथल्या आजींनी पहिल्याच रात्री माझा हात धरून अंधारात जिना दाखवला, कुठली पायरी हलते, टॉर्च कुठल्या खिळ्याला टांगलाय, रात्री कुत्रा भुंकला तर कुठलं दार उघडायचं नाही. भाषा शून्य, सगळं खुणांनी. घरांमध्ये राहिलेले आम्ही आठवड्याच्या मध्यावर शेजाऱ्यांना नावाने हाका मारत होतो आणि गेस्टहाउसवाले अजून एकमेकांनाच विचारत होते की उद्याचा कार्यक्रम काय.

दीपमाळ
ब्रदर, ती पोस्ट माझी नाही पण माझी असती तरी मी तीच लिहिली असती. तुम्ही स्वतः कधी टीम नेली आहे का? जाणं वेगळं आणि नेणं वेगळं. कॉलेजची मुलंमुली, त्यांचे आईवडील रात्री-अपरात्री मलाच फोन करणार. शरीराला साधारण एका टाइम झोनला एक दिवस लागतो, पूर्वेकडे गेलात तर आणखी जड जातं. आमची एक टीम विमानतळावरून थेट मुलांच्या कार्यक्रमाला नेली होती, यजमानांचाच आग्रह होता, आणि गाणं शिकवता शिकवता एक मुलगी स्टेजवर कोसळली. सगळा कार्यक्रम तिच्याभोवती. ती मुलं काय शिकली त्या दिवशी? जुन्या करारातला नहेम्यासुद्धा पडक्या भिंती बांधायला यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस थांबला आणि मग रात्री थोडी माणसं घेऊन भिंती बघायला निघाला. लगेच विटा उचलल्या नाहीत त्याने.

मुक्काम_पोस्ट
ताई, नहेम्या तीन दिवस यरुशलेमेत राहिला एवढंच बायबलच्या वचनात आहे, वेगळ्या कंपाउंडमध्ये राहिला असं नाही. थांबायला माझा विरोध नाहीच. कुठे थांबायचं आणि कोणाबरोबर, एवढंच विचारतोय.

औषधाची_पेटी
मी नर्स आहे, टीमबरोबर जाते म्हणून मध्ये पडते. जेट लॅगला पडदे ओढून दिवसभर झोपणं हा उपाय नाहीच, उलट शरीराचं घड्याळ रुळायला आणखी वेळ लागतो. दिवसा उजेडात बाहेर राहा, चाला, तिथल्या रात्री झोपा. म्हणजे ताई, चार दिवस आतच बसवून तुम्ही मुलांचा त्रास वाढवताय. आणि मुक्काम भाऊ, पहिल्या दिवशी जड काम नको हे ताईंचं अगदी बरोबर आहे, नवीन पाणी, नवीन हवा, पोट बिघडणारच, ओआरएस जवळ हवं. पण तुम्ही दोघं ज्या चार दिवसांवर भांडताय त्याच्या आधीचं कोणी बघत नाही. यलो फीवरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी लागते, नाहीतर सर्टिफिकेट लागूच होत नाही. मलेरियाच्या काही गोळ्या प्रवासाच्या आदल्या दिवशी सुरू करून चालतात, काही दोन-तीन आठवडे आधी लागतात, आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात. लोक घरी पोचले की बंद करतात आणि मग तापाने पडतात.

खर्च_विचारा
रुळायचं कुठे यावर एवढी चर्चा आणि जायचंच कशाला हे कोणी विचारत नाही. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून टीम्स घरं बांधायला गेल्या. व्हर बीक नावाच्या संशोधकाने नंतर हिशेब मांडला, टीमचा प्रवास धरून एका घरामागे साधारण ३०,००० डॉलर आणि तिथलीच ख्रिस्ती संस्था तेच घर २,००० ला बांधत होती. मिशनरी विल्यम कॅरी १७९३ ला इंग्लंडहून भारतात यायला निघाला आणि १८३४ ला मरेपर्यंत परत गेला नाही. मिशनरी जडसनला ब्रह्मदेशात पहिला विश्वासणारा मिळायला सहा वर्षं लागली. आणि आपण दोन आठवड्यांत मंडळीला काय देणार? पैसे पाठवा.

दीपमाळ
पैसे पाठवा म्हणणाऱ्यांनी किती पाठवले हे पण कधी सांगा. जाऊन आलेल्या मुलांमधूनच पुढे पूर्णवेळ सेवेत येतात, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

निळी_वही
गेस्टहाउस की घर हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. पहिल्या दोन तासांत काय होतं ते बघा. आमच्या ट्रिपमध्ये बॅगा उघडायच्या आधी एकाने तिथल्या मुलांच्या आश्रयगृहाच्या अंगणातलं एक मूल मांडीवर घेतलं, सेल्फी काढला आणि ऑनलाइन टाकला, मागे गेटवरची पाटी स्पष्ट दिसत होती. संध्याकाळी तिथली समाजसेविका रडकुंडीला आली होती. त्या मुलाला घरातल्या मारहाणीपासून लपवून तिथे ठेवलं होतं आणि ठिकाण कोणाला कळू द्यायचं नव्हतं. फोटो डिलीट केला पण तोवर तो पुढे गेला होता. आता सांगा, हा गेस्टहाउसमध्ये चार दिवस बसला असता तर चांगलंच झालं असतं.

हिरवा_कंदील
हे वाईटच झालं, पण म्हणून सगळ्या फोटोंवर का घसरता? ज्यांनी दान दिलं त्यांना काम दिसायला नको? आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका पेन्शनमधून देतात. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून त्यांना जे समाधान मिळतं ते तुमच्या कोरड्या रिपोर्टने मिळणार आहे का?

निळी_वही
ते समाधान त्या मुलाच्या जीवावर नको. स्वतःच्या नातवाचा फोटो अनोळखी परदेशी माणसाने न विचारता टाकला तर त्याच बायका पोलिसात जातील.

औषधाची_पेटी
आणि मुळात अनाथाश्रमात दोन आठवडे जाऊन मुलांना कवटाळणंच बंद व्हायला हवं. "मुलं लगेच बिलगतात, किती प्रेमळ" असं प्रत्येक टीम सांगते. अनोळखी माणसाला लगेच बिलगणं हे बऱ्याचदा मूल दुखावल्याचं लक्षण असतं, माणसं येतात, जीव लावतात, जातात, पुन्हा नवी येतात. ऑस्ट्रेलियात २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला त्या वेळी अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीवर मोठी चर्चा झाली आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेबद्दल इशारा दिला. तिथल्या कितीतरी मुलांचे आईवडील जिवंत असतात.

हिरवा_कंदील
म्हणजे आम्ही तस्कर? आम्ही वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी जातो, मुलं आम्हाला मामा-मावशी म्हणतात, एका मुलाच्या ऑपरेशनसाठी आम्ही उपास-प्रार्थना करून पैसे उभे केलेत. तुम्ही आकडे आणि ठराव घेऊन बसा. याकोब १:२७ वाचा, अनाथ आणि विधवा यांचा समाचार घेणे हाच शुद्ध धर्म.

औषधाची_पेटी
तस्कर कोणी म्हटलं नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका. ऑपरेशन केलंत ते उत्तम केलंत, त्या मुलाचा जीव वाचला असेल. मग तेच करा. त्याच्या आईला शोधा, तिला घरभाडं द्या, मूल घरी जाऊ दे.

हिरवा_कंदील
आई आहे. गावी. तिला आम्ही भेटलोही आहोत. बाकी बोलायचं नाही मला या धाग्यावर.

दाराशी_उभा
मी नोकरीनिमित्त बाहेरच्या देशात राहतो आणि आमची मंडळी दरवर्षी टीम्सना घेते, म्हणजे मी यजमान बाजूचा. इतका वेळ वाचतोय, आम्हाला विचारा असं एकानेही लिहिलं नाही.

चार दिवस आराम म्हणता तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या बहिणी, गाडी आणि जनरेटर चारही दिवस तुमच्यासाठी अडकतात. आणि पहिल्या रात्रीपासून घरात या म्हणता तेव्हा त्या घरातलं जोडपं स्वतःचा पलंग तुम्हाला देऊन जमिनीवर झोपतं आणि तुम्हाला कळूही देत नाही. एक रात्र आनंदाने, दहा रात्री म्हणजे त्यांच्या कामावर परिणाम होतो. दोन्ही गोष्टी आमच्या पाळकसाहेबांनी (पास्टरांनी) ठरवायच्या, तुमच्या लीडरने घरी बसून नाही.

सगळ्यात मोठं दुखणं व्हिसा. टूरिस्ट व्हिसावर येता आणि दुसऱ्या दिवशी माइक हातात घेऊन उपदेश. कितीतरी देशांत ते चालत नाही. तुम्ही विमानात बसून जाता, इमिग्रेशनवाले नंतर आमच्या दारात येतात. आमच्या पाळकांना तीन वेळा ऑफिसात बोलावून तासन्‌तास बसवून ठेवलं, मुलाच्या शाळेतही चौकशी झाली. पहिल्या संध्याकाळी टीमला काही सांगायचंच असेल तर हे सांगा, इथे काय बोलायचं नाही आणि कुठे बोलायचं नाही.

मुक्काम_पोस्ट
पलंगाचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नव्हता असं नाही, पण त्याचं उत्तर गेस्टहाउस नव्हे. अंथरूण-पांघरूण आपलं न्या आणि घराला खर्च द्या. पहिली रात्र मात्र घरातच हवी.

दाराशी_उभा
खर्च हातात ठेवला तर घेणार नाहीत, अपमान वाटतो. मंडळीच्या खजिनदाराकडे द्या, ते बरोबर पोचवतात.

दीपमाळ
व्हिसाबद्दल पूर्ण सहमत, यावर मी आमच्याच मिशन कमिटीशी भांडलेय. बाकी चारचे दोन करायला मी तयार आहे, तेही यजमान पाळक म्हणाले तर. पण मुली एकेकट्या कुठल्याही घरात जाणार नाहीत, दोघी बरोबरच, आणि रात्री माझा फोन लागला पाहिजे. यावर मला कोणी वचन दाखवू नये.

मुक्काम_पोस्ट
जोडीने पाठवा हे तर लूक १० मध्येच आहे.

दीपमाळ
मग झालं तर.

निळी_वही
आणि फोटोंचं?

दाराशी_उभा
आमच्याकडे आता एकच नियम आहे. फोटो आमच्या मंडळीतली एक बहीण काढते, आईवडिलांना विचारून, आणि काय पाठवायचं ते टीम परत गेल्यावर आम्ही ठरवतो. मागच्या टीममधले दोघं रुसले होते, पण जेवायला आले.