मदत हवी आहे: चहाचा अर्क कॅन्डिडावर एका माध्यमात चालतो, दुसऱ्यात नाही. असं का?

रानवारा:

नमस्कार मंडळी,

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करते आहे. प्रबंधासाठी ग्रीन टीचा पाण्यातला अर्क तोंडातल्या कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टवर (एकपेशीय बुरशीवर) तपासते आहे. विषय मी स्वतः मागून घेतला, कारण कवळी वापरणाऱ्या वयस्कर माणसांना हा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि नेहमीच्या औषधांना साथ देईल असं साधं काही सापडलं तर त्यांचा त्रास खरंच कमी होईल.

आता अडचण. साबुरो डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवायच्या घट्ट माध्यमावर वेल (छोटे खड्डे) पाडून अर्क घातला, तर अगदी दाट अर्कालाही झोन, म्हणजे वाढ न झालेलं वर्तुळ, मिळत नाही. त्याच प्लेटवर फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या डिस्कभोवती मात्र झोन स्वच्छ येतो, म्हणजे प्लेट आणि स्ट्रेन (कॅन्डिडाचा वाण) दोन्ही ठीक आहेत. तोच अर्क आरपीएमआय या द्रव माध्यमात सूक्ष्म-विरलन पद्धतीने (छोट्या वेल्समध्ये अर्क टप्प्याटप्प्याने पातळ करत) तपासला, तर बऱ्याच कमी प्रमाणातही वाढ थांबते. दोन्ही प्रयोग पुन्हा केले तरी चित्र तेच.

सर म्हणतात, "एक पद्धत निवड आणि पुढे जा." पण कुठली निवडू? आणि का, हे समजल्याशिवाय निवडायची माझी तयारी नाही. कोणी पॉलिफेनॉलवर (चहातल्या कॅटेचिनांसारख्या संयुगांवर) काम केलं असेल तर कृपया सांगा.

सूक्ष्मदर्शी:

रानवारा, एक पद्धत निवडून पुढे जाऊ नका. तुमच्या हातात आलेला हा फरकच प्रबंधाचा सर्वांत चांगला भाग ठरू शकतो.

पहिला संशयित पीएच. साबुरोचा पीएच साधारण 5.6 असतो, आरपीएमआय आपण मॉप्स बफर (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) घालून 7.0 ला बांधतो. ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन म्हणजे ईजीसीजी, आणि कॅन्डिडावरचा त्याचा परिणाम पीएचवर फार अवलंबून असतो. 2004 साली जर्नल ऑफ अँटिमायक्रोबियल केमोथेरपीमध्ये आलेल्या अभ्यासात 90 टक्के वाढ रोखायला पीएच 6.0 ला लिटरमागे 2000 मिलिग्रॅम ईजीसीजी लागलं, 6.5 ला 500 ते 1000, आणि 7.0 ला स्ट्रेननुसार 15.6 ते 250. एका पीएच अंकाने एवढा फरक पडत असेल, तर 5.6 च्या प्लेटवर झोन न येणं मला तरी अपेक्षितच वाटतं. त्याच अभ्यासात अँफोटेरिसिन-बी आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधांना ईजीसीजीची जोड दिल्यावर त्यांचा परिणाम वाढलेला दिसला. तुमचा "औषधाला साथ" हा विचार त्यामुळे मला भक्कम वाटतो. तो सोडू नका.

दुसरा संशयित प्रथिनं. कॅटेचिनं प्रथिनांना चिकटतात. चहा प्यायल्यावर तोंड तुरट होतं ते याचमुळे, लाळेतली प्रोलीनयुक्त प्रथिनं त्यांना पकडतात. साबुरोमध्ये पेप्टोन (प्रथिनांचे तुकडे) भरपूर असतं, आरपीएमआयमध्ये ते नसतं. शिवाय अगारमधून पसरणं हा वेगळाच प्रश्न आहे. झोनचा आकार रेणू किती पसरतो यावरही ठरतो, त्यामुळे झोन नाही म्हणजे परिणाम नाही असं म्हणता येत नाही. झोन मोजायचेच असतील तर म्यूलर-हिंटन अगारमध्ये 2 टक्के ग्लुकोज आणि मिलिलिटरला 0.5 मायक्रोग्रॅम मिथिलीन ब्लू घालून वापरा. यीस्टच्या डिस्क चाचणीसाठी तेच प्रमाण माध्यम आहे आणि त्याचा पीएच 7.2 ते 7.4 असतो.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण ती तुमच्या चांगल्या निकालावर शंका घेते. तटस्थ पीएच आणि उबदार तापमानात ईजीसीजी आपोआप ऑक्सिडाइझ होतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. आरपीएमआयमध्ये 35 अंशांवर 24 तास ठेवल्यावर यीस्ट कॅटेचिनने थांबलं की पेरॉक्साइडने? तोंडात लाळेतली पेरॉक्सिडेज आणि तिथल्या जीवाणूंची कॅटालेज ही एन्झाइम्स पेरॉक्साइड टिकू देत नाहीत. म्हणून कॅटालेज घातलेल्या वेल्सची एक रांग ठेवाच.

माझा सल्ला असा: एकच माध्यम घ्या, आरपीएमआय, आणि त्याचा पीएच 5.5, 6.0, 6.5, 7.0 असा बदला. मॉप्स 6.5 च्या खाली नीट काम करत नाही, तिथे एमईएस हा बफर वापरा. बफरचा स्वतःचा परिणाम समजावा म्हणून 6.5 ला दोन्ही बफर लावून पाहा.

मौक्तिक:

मी दंतवैद्य आहे. वरचं सगळं पटलं, त्यात दवाखान्यातून दिसणारी बाजू जोडते.

कवळीखाली लाळ नीट पोहोचत नाही आणि तिथला पीएच उरलेल्या तोंडापेक्षा आम्लधर्मी असतो. म्हणजे ज्या जागी तुम्हाला अर्क चालायला हवा आहे, तिथेच तो सर्वांत दुबळा पडण्याची शक्यता आहे. प्रबंधात फक्त 7.0 चा आकडा देऊ नका, अशी माझी मनापासून विनंती.

दुसरं म्हणजे वेळ. चूळ तोंडात मिनिटभर राहते, तुमची चाचणी 24 तासांची. शिवाय कवळीच्या आतल्या बाजूला कॅन्डिडा सुटा नसतो, कवळीच्या अ‍ॅक्रिलिकवर बायोफिल्म (पेशींचा चिकट थर) करून बसलेला असतो आणि बायोफिल्मला औषधंही नीट लागत नाहीत. शक्य असेल तर अ‍ॅक्रिलिकच्या चकत्यांवर बायोफिल्म वाढवा, एक ते पाच मिनिटं अर्कात ठेवा, धुवा आणि जिवंत पेशी मोजा. आणि चकत्यांवर चहाचा डाग किती पडतो तेही नोंदवा. रुग्ण पहिला प्रश्न तोच विचारतील.

अबोली:

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या वडिलांना दम्याचा स्टिरॉइडचा पंप आहे आणि जिभेवर पांढरे थर येतात. ग्रीन टीच्या चुळा भरल्या तर चालेल का? चहाच्या तेलाबद्दलही वाचलं.

मौक्तिक:

अबोलीताई, आधी डॉक्टरांना दाखवा. कॅन्डिडा कित्येक निरोगी माणसांच्या तोंडातही असतो, आणि प्रत्येक पांढरा थर त्याचाच असतो असंही नाही. तो असेल तर निस्टॅटिन, क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल यांसारखी खात्रीची औषधं आहेत. वडील रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मायकोनॅझोलचं तोंडात लावायचं जेलही तिचा परिणाम वाढवतं. पंप घेतल्यावर दर वेळी पाण्याने खळखळून चूळ भरून थुंकणं आणि पंपाला स्पेसर (पुढे जोडायची नळी) लावणं, याने पुष्कळ फरक पडतो.

चहाच्या चुळा औषधाऐवजी नकोत. तुम्ही वाचलेलं तेल म्हणजे टी ट्री ऑइल. ते चहाच्या झाडाचं नाही, मेलाल्यूका या वेगळ्याच झाडाचं आहे आणि पोटात गेलं तर विषारी असतं. ते तोंडात मुळीच वापरू नका. ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूलही मनाने सुरू करू नका. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी पूरक स्वरूपात घेतल्यावर यकृताची एन्झाइम्स वाढल्याचं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये नोंदवलं आहे.

रानवारा:

दोघांचेही मनापासून आभार. कवळीखालच्या पीएचचा मुद्दा मी सरांना आजच दाखवला आणि पीएचची मालिका करायला त्यांनी होकार दिला!

दोन शंका राहिल्या. अर्क ऑटोक्लेव्ह करू (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करू) की गाळून घेऊ? आणि त्याचा रंग तपकिरी आहे, त्यामुळे प्लेट रीडरचं वाचन बिघडतं. एक्सटीटी (जिवंत पेशींमुळे रंग बदलणारं रंगद्रव्य) वापरलं तर?

सूक्ष्मदर्शी:

गाळूनच घ्या, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने ईजीसीजीचं रूप बदलतं आणि काही भाग नष्टही होतो. अर्क ताजा करा, किंवा फ्रीझ-ड्राय करून गोठवून ठेवा आणि प्रमाण कोरड्या अर्काच्या मिलिग्रॅममध्ये लिहा. "5 टक्के चहा" असं लिहिलं तर दुसऱ्या कोणाला तुमच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. सोबत फोलिन-सिओकाल्टू चाचणीने एकूण फिनॉलही मोजा.

एक्सटीटी टाळा. पॉलिफेनॉल स्वतःच त्या रंगद्रव्याचं क्षपण करून रंग बदलतात, त्यामुळे मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. पेशी न घालता अर्क आणि माध्यमाचे वेल्स ठेवून तेवढं वाचन वजा करा, आणि शेवटचा निर्णय वसाहती मोजून घ्या. प्लेटवर पसरण्याआधी पेशी धुवा, नाहीतर अर्क सोबत जाऊन तिथेही वाढ अडवेल.

कॅटालेजच्या रांगेशेजारी उकळून निष्क्रिय केलेल्या कॅटालेजची रांगही लावा, म्हणजे प्रथिनाला चिकटल्याने पडलेला फरक वेगळा काढता येईल. आणि पीएच 24 तासांनंतर पुन्हा मोजा. कॅन्डिडा वाढताना आम्ल सोडतो, बफर कमी पडला तर 7.0 ची रांग 7.0 ला राहिलेली नसेल.