पहिलीच चीनवारी: गुझेनला एलईडी दिव्यांचे कारखाने बघायचे आहेत, तयारी काय करावी?

दिवेवाला_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. एलईडी पॅनल आणि झुंबरं आतापर्यंत मुंबई-दिल्लीच्या आयातदारांकडून घेत होतो. आता थेट कारखानदारांना भेटायचं आहे. परदेशप्रवास पहिलाच, चिनी शून्य. आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड) काढलाय. ऑक्टोबरात सहा दिवस मोकळे आहेत. ग्वांगझौचं मोठं व्यापारी प्रदर्शन, म्हणजे कँटन फेअर गाठावा, की सरळ दिव्यांच्या कारखान्यांचं गाव गुझेन?

आयातवही
दादा, तिकिटाच्या आधी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचं बघा. एलईडी दिवे, ल्युमिनेअर (दिव्याचं पूर्ण फिटिंग) आणि ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) सक्तीच्या नोंदणीत येतात. ही नोंदणी त्या कारखान्याच्या पत्त्याला आणि ब्रँडला बांधलेली असते. शेजारच्याचा आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, तुमच्या मालाला चालत नाही. नोंदणी नसलेला माल न्हावाशेवा बंदरात अडकला की भाडं चढत राहतं आणि शेवटी तो परत पाठवा नाहीतर नष्ट करा, एवढंच हातात उरतं. म्हणून भावाच्या आधी विचारा: भारताची नोंदणी आहे का, कोणत्या मॉडेलला? नंबर बीआयएस केअर ॲपवर तिथेच टाकून बघा.

व्हिसा एम प्रकारचा, म्हणजे व्यापारासाठीचा घ्या. त्याला कारखान्याचं किंवा फेअरचं निमंत्रणपत्र लागतं.

पर्लनदी
दोन्ही जमतं. कँटन फेअरचा पहिला टप्पा १५ ते १९ ऑक्टोबर, दिवे त्यातच असतात. दोन दिवस फेअर, मग ग्वांगझौ साउथहून इंटरसिटी रेल्वेने गुझेन, साधारण तासाभराचं अंतर. तिकीट पासपोर्टवरच निघतं, मूळ पासपोर्ट खिशात हवा. १ ते ७ ऑक्टोबर चुकूनही ठरवू नका, राष्ट्रीय सुट्टीत कारखाने बंद असतात. फेअरच्या दिवसांत हॉटेलं महागतात, तेव्हा आधीच बुक करा.

पैशांसाठी अलीपे या तिथल्या पेमेंट ॲपला कार्ड जोडा. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून चालू करून ठेवा. ओटीपी भारतीय सिमवर येतो, म्हणून रोमिंग हवंच. २०० युआनवरच्या व्यवहाराला ३ टक्के शुल्क लागतं. एखादं कार्ड नाकारलं जातं, तेव्हा दोन कार्डं आणि थोडे रोख युआन ठेवा. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप, गुगल चालणार नाही. भारतीय रोमिंगवर चालतं. वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर भारतात २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे परतल्यावरचा पत्रव्यवहार ईमेलवर करायचं तिथेच पक्कं करा.

देशांतर्गत विमान असेल तर पॉवर बँकेवर ३सी ही चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची खूण लागते. जून २०२५ पासून हा नियम आहे. खूण नसेल तर पॉवर बँक विमानतळावरच काढून घेतात.

ड्रायव्हरतज्ज्ञ
दुकान चकाचक असलं म्हणजे कारखाना त्याचाच असतो असं नाही. गुझेनमध्ये शोरूम एकाची, माल दुसऱ्याचा, हे सर्रास चालतं. भिंतीवर व्यवसाय परवाना लावलेला असतो, त्याचा फोटो घ्या. त्यावरचा १८ अंकी कोड, कंपनीचं नाव आणि पत्ता प्रोफॉर्मा इन्व्हॉइसशी (ऑर्डरआधी मिळणारं कच्चं बिल) आणि बँक खात्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. खाजगी खात्यात पैसे मागितले तर उठून या.

आत गेल्यावर एसएमटी यंत्र (सर्किट बोर्डवर सुटे भाग बसवणारं) आणि एजिंग रॅक (दिवे तासन्तास पेटत ठेवून तपासायची मांडणी) चालू आहेत का बघा. मग एक पॅनल उघडायला लावा. सगळी गोम ड्रायव्हरमध्ये असते: नमुन्यात चांगला, ऑर्डरमध्ये स्वस्तातला. आपल्याकडच्या व्होल्टेजला १०० ते ३०० व्होल्टचा आणि ४ केव्ही सर्ज (अचानक येणारा विजेचा झटका) सोसणारा ड्रायव्हर मागा, त्याचं मॉडेल, मिलीॲम्पिअर आणि चिपचं नाव इन्व्हॉइसमध्येच लिहून घ्या. नमुन्याचे तीन नग सही करून सील करा: एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे, एक तुम्ही माल तपासायला नेमलेल्या तपासनिसाकडे.

दिवेवाला_कोल्हापूर
फार उपयोगी. ॲडव्हान्स किती द्यावा?

आयातवही
३० टक्के. उरलेले ७० तपासनिसाचा अहवाल हाती आल्यावरच, कंटेनर भरायच्या आधी. दर एक्स-वर्क्स आहे की एफओबी, तेही लिहून घ्या. एक्स-वर्क्स म्हणजे कारखान्याच्या दारातला दर, त्यात बंदरापर्यंतचा खर्च तुमच्या माथी येतो; एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. आणि झुंबरं वजनाला हलकी, पण जागा खूप खातात. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण २८ घनमीटर माल बसतो, तेव्हा खोक्याची मापं घेऊन नगामागे भाडं तिथेच काढा.