मदत हवी आहे: दोन दिवसांत संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा. चौघं जण, बजेट 5000

परभणीहून रविवारी रात्री पोचतोय. आम्ही दोघं, आई (वय 68, गुडघे दुखतात) आणि 10 वर्षांचा मुलगा. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ आणि त्याच रात्रीची परतीची रेल्वे, असा बेत आहे. परभणीचं भाडं सोडून 5000 रुपये हातात आहेत. दोन्ही दिवस गाडी ठरवली तर राहण्या-जेवणाला काही उरत नाही. एसटीनं जमेल का? आईला कुठं त्रास होईल?

गोदाकाठ:
आधी दिवस उलटे करा! अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळची लेणी मंगळवारी. आहे त्याच बेतानं गेलात तर दोन्हीकडं बंद फाटक बघून परत यावं लागेल. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा.

एसटीनं नक्की जमेल. महिलांना अर्धं तिकीट, 5 ते 12 वयाच्या मुलांना अर्धं, म्हणजे चौघांची मिळून अडीच तिकिटं. काळीपिवळीत ही सवलत नाही, शिवाय माणसं कोंबतात. आईंना तिथं बसवू नका. दोन्ही दिवसांचं एसटी भाडं 1100 ते 1300 धरा. लेण्यांचं तिकीट खिडकीवर 40, ऑनलाइन 35, आणि 15 वर्षांखालच्यांना फुकट. ऑनलाइन काढणार असाल तर आदल्या रात्री खोलीवरच काढा, तिथं पोचून रेंजच्या भरवशावर राहू नका. खोली मध्यवर्ती बसस्थानकाजवळ घ्या. सकाळ-संध्याकाळचा रिक्षाखर्च वाचतो.

मुलाचे बाबा (धागाकर्ता):
हे माहीतच नव्हतं, फार उपकार झाले. वेरूळला सगळी 34 लेणी आईला झेपतील?

खडकीवेस:
सगळी करूच नका. मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नडकडं जाणारी गाडी धरा, वेरूळ 30 किमीच्या आसपास आहे. कैलास (लेणं 16) पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळं सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपारनंतर उजळतो. म्हणून सकाळी 10 नंबरचं विश्वकर्मा लेणं बघा, मुलाला 12 नंबरच्या 'तीन ताल' या तीन मजली लेण्यात वर नेऊन आणा, मग जेवण, आणि कैलास शेवटी निवांत. त्याचं खालचं अंगण आईंना चालण्यासारखं आहे. जैन लेणी (30 ते 34) बरीच लांब आहेत, तिकडं पायी नेऊ नका.

घृष्णेश्वर तिथून किलोमीटरभर. पण सोमवार आहे, रांग मोठी असणार. श्रावण असेल तर दर्शन सोडा, नाहीतर सगळा दिवस तिथंच जाईल. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं.

गोदाकाठ:
अजिंठ्याचं मुद्दाम सांगतो, कारण चुकतात ते इथंच. लेणी शहरापासून 100 किमीच्या पुढं आहेत, एसटीला अडीच-तीन तास लागतात. पहाटेची जळगाव गाडी धरा. कंडक्टरला नुसतं 'अजिंठा' म्हणालात तर तो अजिंठा गावात उतरवेल. ते घाटाच्या अलीकडं आहे. 'लेणी टी-पॉइंट, फर्दापूर' (लेण्यांचा फाटा) असं तिकीट मागा. टी-पॉइंटवरून पुढचे 4 किमी तिथल्याच बसनं जायचं, खासगी गाड्या वर सोडत नाहीत. त्या बसचे पैसे वेगळे, सुटे जवळ ठेवा.

बस थांबते तिथून लेण्यांपर्यंत पायऱ्यांची चढण आहे. आईंच्या गुडघ्यांना खरा त्रास इथं. डोलीवाले असतात, जाऊन-येऊन किती आणि किती वेळ थांबणार, हे बसण्याआधी ठरवा. आत 1, 2, 16, 17, 19 आणि 26 एवढी नीट बघा. 1 मधलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आणि 26 मधली बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची मूर्ती चुकवू नका. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, दगड तापतो, तेव्हा चौघांचे पायमोजे घ्या. फ्लॅश चालत नाही.

दोनच्या सुमाराला लेण्यांतून निघा. परतीची एसटी टी-पॉइंटवर आधीच भरून आलेली असते, एखादी सोडावी लागली तरी रात्रीची रेल्वे हुकणार नाही.