वाचनकट्टा ग्रुप: कॉनरॅड की जेरेमाया?

ई-१०१ (ॲडमिन): मंडळी, ठरल्याप्रमाणे या महिन्याचं पुस्तक जेनी हान यांचं 'द समर आय टर्न्ड प्रिटी'. पोरांच्या मतदानात निवडून आलंय, तेव्हा "हा काय पोरखेळ" असं कुणी म्हणू नये. चर्चा याच ग्रुपवर. शेवट सांगायला मुभा आहे, ज्यांना नको असेल त्यांनी आत्ताच ग्रुप म्यूट करावा.

ए-२०३: भाग तीन आहेत ना? पहिला वाचला तर भागेल का?

बी-५०२: नाही भागणार काकू, तिन्ही वाचा आणि ओळीनेच वाचा. पहिला २००९चा. दुसरा 'इट्स नॉट समर विदाऊट यू' २०१०चा, तिसरा 'वी विल ऑलवेज हॅव समर' २०११चा. पहिल्यात त्रिकोण नीट उभाच राहत नाही. बेलीचं मन कॉनरॅडवर, जेरेमाया मित्र, आणि मधेच कॅम नावाचा तिसराच मुलगा. खरी ओढाताण दुसऱ्यापासून.

सी-३०४: ज्यांनी अजून उघडलंच नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत कथा सांगा की कुणीतरी.

बी-५०२: सांगते काका. लॉरेल आणि सुझॅना जिवलग मैत्रिणी. दर उन्हाळ्यात लॉरेल आपली मुलं घेऊन सुझॅनाच्या समुद्रकाठच्या घरी जाते. लॉरेलची मुलं स्टीव्हन आणि इझाबेल, म्हणजेच बेली. सुझॅनाचे मुलगे कॉनरॅड आणि जेरेमाया. गाव कझिन्स बीच, ते काल्पनिक आहे, नकाशात शोधू नका. बेलीला सोळावं लागतं त्या उन्हाळ्यात गोष्ट सुरू होते.

सी-३०४: म्हणजे मामाच्या गावची सुट्टी, फक्त मामा नाही आणि पोरं परक्याची. आणि दोघे सख्खे भाऊ! गोम इथेच आहे. नेहमीच्या त्रिकोणात हरलेला माणूस गोष्टीतून निघून जातो. इथे तो कुठे जाणार? दिवाळीला समोर बसणारच.

ए-४०१: काका, अगदी नेमकं. तिसऱ्या भागातला सगळा ताण तोच आहे. कॉनरॅडला बेली मिळाली तर भाऊ जातो. म्हणून तो इतका वेळ गप्प बसतो. पहिल्या वाचनात हा माणूस घुम्या वाटतो, पण त्याच्या गप्प बसण्याला हिशेब आहे.

बी-२०१: हिशेब कसला. दोन भाग तो मुलीला धड एक वाक्य बोलत नाही. जेरेमाया निदान हसतो, खेळतो, मनातलं तोंडावर सांगतो. मी टीम जेरेमाया. 🙋

बी-५०२: ताई, पहिला भाग पुन्हा वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. सुझॅनाचा कॅन्सर परत आलाय हे कॉनरॅडला आधीच कळलेलं असतं. आई-वडिलांचं फाटलंय हेही. बेलीला, म्हणजे आपल्यालाही, ते पुस्तक संपत आल्यावर कळतं. त्याने फुटबॉल सोडला, सिगरेट ओढायला लागला, कुणाशी धड बोलत नाही, हे सगळं आधी नुसतं नखऱ्यासारखं वाटतं. कळल्यावर तीच पानं वेगळी लागतात.

बी-२०१: कारण कळलं म्हणून वागणं बरोबर ठरत नाही.

बी-५०२: ते मान्य.

डी-६०१: मुद्द्याचं विचारतो. १२-१३ वर्षांच्या मुलांच्या हातात द्यावं का? मुखपृष्ठावरून काही पत्ता लागत नाही.

ए-२०३: पहिला भाग द्यायला हरकत नाही. बीचवरच्या पार्ट्या आहेत, दारू आहे, मोठी मुलं नशा करतात, चुंबनं आहेत. उघडं वर्णन नाही. जड आहे ते आजारपण. ज्या घरात अलीकडे कुणाचं आजारपण किंवा मृत्यू झाला असेल तिथे दुसरा भाग जपून द्या, कारण तो सुझॅना गेल्यानंतरचाच आहे, जवळपास सगळा भाग शोकाचा. तिसरा मात्र १५-१६ नंतर. त्यात फसवणूक आहे आणि कॉलेजात असतानाच लग्न ठरवणं आहे. त्यावर घरात बोलायला कुणीतरी मोठं हवं, नाहीतर मुलांना ते सगळं फार गोड वाटतं.

डी-६०१: छान, एवढंच हवं होतं.

सी-१०२: सर्वांना कळवण्यात येते की उद्या सकाळी ११ ते १ बी विंगचे पाणी बंद राहील. टाकी साफ होणार आहे.

ई-१०१ (ॲडमिन): काका, हे मुख्य ग्रुपवर. इथे फक्त पुस्तकं. 🙏

सी-१०२: माफ करा. चालू द्या. मी जेरेमायाच्या बाजूने.

ए-४०१: 😂 आता लिखाणाच्या बाजूने एक सांगते, कारण वाद तिथेच मिटतो. त्रिकोणात वाचक कुणाच्या बाजूने जाईल हे ठरतं ते प्रकरणं कुणाच्या तोंडी आहेत त्यावर. पहिला भाग पूर्ण बेलीच्या तोंडी. दुसऱ्यात अधूनमधून जेरेमाया बोलतो. तिसऱ्यात कॉनरॅड बोलतो. बघा आता: दुसरा भाग संपला की जेरेमायाची बाजू घेणारे वाढतात, तिसरा संपला की कॉनरॅडची. स्वभाव बदललेले नसतात, माइक बदललेला असतो.

बी-२०१: हे म्हणजे लेखिकेने पंच विकत घेतल्यासारखं झालं.

ए-४०१: पंच लेखिकाच असते हो! पण उघड करते, प्रकरणाच्या वर नाव असतं. फसवत नाही.

सी-३०४: मग पहिल्या भागातली ती वयाची प्रकरणं कशासाठी?

ए-४०१: तीच तर खरी कारागिरी. चालू उन्हाळ्याच्या मधे मधे जुने उन्हाळे येतात, वर फक्त बेलीचं वय. सोळाव्या वर्षीचं प्रेम एकदम आलं असतं तर कुणाला पटलं नसतं. लेखिका ते तिच्या लहानपणापासून हप्त्याहप्त्याने भरत जाते. एकच प्रसंग जवळून बघा. कॉनरॅड बेलीला बोर्डवॉकवर घेऊन जातो. बोर्डवॉक म्हणजे समुद्रकाठची लाकडी फळ्यांची वाट, बाजूला खेळांचे स्टॉल, आपल्या जत्रेसारखं. बेलीच्या मनात लाडू फुटतायत, हा मला एकटीला घेऊन आला म्हणून. तिथे गेल्यावर कळतं की स्वारी रिंग टाकायच्या स्टॉलवरच्या मुलीला बघायला आलीये. तरी परतताना तो तिच्यासाठी एक पांढरं अस्वल जिंकतो. अपमान आणि भेट एकाच संध्याकाळी. पुढे तीन भाग कॉनरॅड नेमका असाच वागतो: आधी दुखावतो, मग काहीतरी देतो. ते अस्वल म्हणजे त्याचा आराखडाच आहे.

बी-५०२: आणि अस्वलाचं नाव ज्युनियर मिंट. ती ते टाकून देत नाही, हेही लक्षात घ्या.

बी-२०१: चला, अस्वलाला एक मत.

डी-६०१: कॅमचं काय झालं? मला तोच बरा वाटला. तिघांत सरळ.

बी-५०२: दादा, कॅमवर अन्यायच आहे. तो तिला आठवीतल्या लॅटिनच्या अधिवेशनापासून लक्षात ठेवतो, तिचं तिथलं लॅटिन नाव फ्लाविया, त्या नावाने हाक मारतो. कॉनरॅडला वर्षानुवर्षं जी दिसली नाही ती कॅमला एका दिवसात दिसली होती. पण त्याचं काम फक्त बेलीला "आपल्याकडेही कुणी बघतं" हे कळवणं. काम झालं की त्याची सुट्टी. या प्रकारच्या कादंबऱ्यांत हे नेहमी होतं, चौथा माणूस आरसा म्हणून येतो.

ए-२०३: आता तिसऱ्या भागावर येऊ या. माझ्या मते सगळ्यात कच्चा तोच.

ए-४०१: का, सांगा ना काकू.

ए-२०३: जेरेमाया आणि बेली दोन वर्षं एकत्र, एकाच कॉलेजात. त्यांचं भांडण होतं, आणि त्याच काळात तो सुट्टीत मेक्सिकोतल्या कॅबोला जातो आणि तिथे दुसऱ्या मुलीबरोबर रात्र काढतो. बेलीला कळतं. आणि त्यावर उपाय काय, तर लग्नाची मागणी! बेलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष संपतंय आणि ही मंडळी हॉल बघतायत. इथे बिघडतं काय, तर तिसऱ्या कोनाला लेखिकेने मुद्दाम हलकं केलं. दोन भाग जो मुलगा प्रेमळ दाखवला त्याच्याकडून एक मोठी चूक करवून घेतली की बेलीला निवड करावीच लागत नाही, निवड आपोआप होते. त्रिकोण सुटला असं म्हणता येत नाही. एक खांब काढला आणि तो पडला.

बी-२०१: थँक्यू काकू!! हेच म्हणत होते मी.

बी-५०२: पण काकू, जेरेमायाची खोट आधीपासून पेरलेली आहे. त्याला नेहमी दादाच्या आधी पोहोचायचं असतं. मागणी तो प्रेमापेक्षा भीतीने घालतो. ती हातची जाईल म्हणून.

ए-२०३: पेरलेलं आहे, मान्य. पाणी फार घातलं एवढंच म्हणते.

सी-३०४: आणि लॉरेल? मला पूर्ण मालिकेत शहाणी तीच वाटली. मुलीला सरळ नाही म्हणते.

ए-२०३: हो, आणि तिच्या नाही म्हणण्याचं ओझं समजून घ्या. मैत्रीण गेलीये. सुझॅनाला ती 'बेक' म्हणायची, लग्नाआधीच्या आडनावाने. बेली आपल्या एका मुलाची होणार हे सुझॅना लहानपणापासून बोलून दाखवायची. म्हणजे लॉरेल लग्नाला विरोध करते तेव्हा ती गेलेल्या मैत्रिणीच्या इच्छेलाही विरोध करते. हा धागा कॉनरॅड-जेरेमायाच्या वादात कुणी वाचतच नाही. बेलीची निवड दोन मुलांत नाहीच, त्या घरात राहायचं की नाही ही आहे. दोन्ही मुलगे म्हणजे त्याच घराची दोन दारं.

ए-४०१: काकू 👏 आणि म्हणून दुसऱ्या भागात घर विकायला निघतं तेव्हा सगळे एका बाजूला येतात, एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत ते सुद्धा.

डी-६०१: सिरीज बघितली तर पुस्तक वाचायची गरज आहे का? प्राइमवर आहे ती.

बी-५०२: वेगळी आहे दादा. जेनी हान स्वतः सिरीजवर होत्या तरी बरंच बदललं. पहिला सीझन २०२२, ७ भाग. दुसरा २०२३, ८. तिसरा २०२५, ११ भाग, सप्टेंबरमध्ये संपला. ठळक फरक सांगते. सिरीजमध्ये डेब्युटंट बॉलचा, म्हणजे वयात आलेल्या मुलींना समाजात मिरवण्याच्या नाचाच्या समारंभाचा थाट आहे, पुस्तकात नाही. सिरीजमधली लॉरेल कोरियन-अमेरिकन, पुस्तकात तसा उल्लेख नाही. घर विकायला पुस्तकात वडील निघतात, सिरीजमध्ये मावशी. शेवटी बेली परदेशी शिकायला जाते ती पुस्तकात स्पेनला, सिरीजमध्ये पॅरिसला.

ए-२०३: सिरीजने एक गोष्ट सुधारली. मधे चार वर्षांची उडी घेतली, त्यामुळे लग्न ठरतं तेव्हा बेली तिसरं वर्ष संपवत असते. तरी लवकरच, पण निदान हसू येत नाही.

बी-२०१: हसू केकने येतं ना काकू. 🍰 जेरेमायाला चॉकलेटचा मिरर ग्लेझ केकच हवा.

सी-१०२: मिरर ग्लेझ म्हणजे काय? इथे मिळतो का?

बी-२०१: काका, केकवर आरशासारखं चकचकीत आवरण. जिलेटिन, साखर, कंडेन्स्ड मिल्क आणि चॉकलेट. साधारण ३२ ते ३५ डिग्रीला ओततात, केक आधी गोठवलेला लागतो. गरम ओतलं तर ओघळून जातं, थंड ओतलं तर गुठळ्या. मे महिन्यातल्या लग्नात करू नका एवढंच.

सी-३०४: शेवटी पाककृतीवर आलोच आपण.

डी-६०१: ऑनलाइन यावर फार भांडणं झाली म्हणे.

ए-४०१: इतकी की तिसऱ्या सीझनच्या वेळी प्राइमच्या लोकांना सांगावं लागलं, कलाकारांना त्रास देऊ नका. पात्र आवडलं नाही म्हणून ते करणाऱ्या मुलाच्या अकाउंटवर जाऊन शिव्या घालायच्या, हा काय प्रकार. आपल्याकडे खलनायिकेला बाजारात गाठून बोलायचे ना, तसंच, फक्त आता घरबसल्या.

बी-५०२: एक विचारू? शेवटी पुस्तकात तिने कॉनरॅडशी लग्न केलं हे पटलं का सगळ्यांना?

बी-२०१: नाही. मधल्या काळात तो नुसती पत्रं पाठवतो, आणि आपण उडी मारून थेट लग्नाला. दोघं रोजच्या रोज कशी राहतात, भांडतात कशावर, हे एक पान तरी दाखवायला हवं होतं. जेरेमायाबरोबरची दोन वर्षं निदान दिसतात तरी, वाईट का होईना.

ए-४०१: हा मुद्दा मी खोडू शकत नाही.

सी-३०४: मी टीम लॉरेल.

ए-२०३: मीही.

ई-१०१ (ॲडमिन): नोंद केली. टीम लॉरेल २, जेरेमाया २, अस्वल १. तिन्ही भागांचा एक संच सध्या कट्ट्याच्या कपाटात आहे. पहिला डी-६०१ नेणार, तिसरा कुणाला हवाय?

सी-१०२: मला. पण मी पहिले दोन वाचलेले नाहीत.

ई-१०१ (ॲडमिन): काका! मग जेरेमायाची बाजू कशावरून घेतली?

सी-१०२: नाव चांगलं वाटलं.

बी-५०२: 😂😂 काका, तुम्ही पहिल्यापासूनच घ्या. डी-६०१ दादांचा वाचून झाला की गेटवर ठेवायला सांगते. आणि तिसऱ्या भागात पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात, त्या काढू नका कुणी. जिथे जिथे कॉनरॅड बोलतो तिथे आहेत.