मदत हवी आहे: इंटरकॉममध्ये इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी

इंदूरहून मांडूला जाताना मागे बसलेल्या पत्नीशी बोलता यावे म्हणून मोटारसायकलवर तारेचा इंटरकॉम बसवला असून त्याला वीज गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून मिळते. फोनवरून रस्ता सांगणारा आवाजही तारेनेच त्यात येतो. फोन गाडीवर चार्जिंगला लावला, की ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी दोघांच्याही हेल्मेटमध्ये ऐकू येते. चार्जर काढताच ती थांबते, त्यामुळे दोष वाऱ्याचा किंवा माइकचा नसावा. इंटरकॉमची अर्थिंग थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडूनही फरक पडला नाही. ब्लूटूथ संच नको, कारण आणखी दोन वस्तू रोज चार्ज करणे आमच्याकडून होणार नाही. अशा वेळी फोनच्या ऑडिओ तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन्ही बाजूंची अर्थिंग वेगळी ठेवून फक्त आवाज पुढे नेणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावणे पुरेसे ठरेल, की चार्जरसाठी आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टरच (बॅटरीकडची आणि फोनकडची वीज एकमेकींना न जोडता व्होल्टेज बदलून देणारा) घ्यावा लागेल?