आपल्या थराला युगाचं नाव का नाही?

अळूवडी
आमच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू झालाय. परवा पायाच्या खड्ड्यात डोकावलो. तळाशी काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. वर मुरूम, मग वीतभर काळी माती. आणि सगळ्यात वर पुरुषभर राडारोडा! विटांचे तुकडे, मोझॅकची फरशी, एक दुधाची पिशवी, तिचा निळा रंगही तसाच.
तरी मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या समितीने 'अँथ्रोपोसीन', म्हणजे माणसाच्या खुणांचं नवं युग, १२ विरुद्ध ४ मतांनी फेटाळलं. म्हणजे कागदोपत्री आपण अजून ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या होलोसीनमध्येच. याला डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात.

कोथरूडकर
असहमत. समितीने नाकारली ती १९५० च्या आसपास मारलेली रेघ, माणसाचा परिणाम नव्हे. कॅनडातल्या क्रॉफर्ड सरोवराच्या गाळात जिथे अणुचाचण्यांचं प्लुटोनियम दिसतं, तिथून युग सुरू करायचं होतं. मग त्याआधीचं काय? शिरूरजवळ इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वी लोकांनी पाट खणला होता, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सापडलाय. त्यांना कुठे बसवणार? माणसाचा हात सावकाश फिरला, इथे आज तर तिथे हजार वर्षांनी. त्याला 'घटना' म्हणा, युग कशाला?
(जाता जाता : मुरूम हा वेगळा थर नाही, झिजलेला पाषाणच.)

तीनमूर्ती
पाट कबूल. पण इनामगावच्या पाटाची खूण कॅनडात सापडेल का? अणुचाचण्यांची धूळ मात्र जगभर एकाच सुमाराला बसली, आणि भूशास्त्राला हीच तर एकावेळची खूण लागते. २०१८ मध्ये ४,२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळावरून 'मेघालयन' हा होलोसीनचा शेवटचा टप्पा मान्य केलात, तोही मेघालयातल्या एका गुहेतल्या चुन्याच्या खांबावरून. तेव्हा बरं चाललं!

कोथरूडकर
निदान ४,२०० वर्षं तरी झाली होती त्याला. इथे जेमतेम सत्तर. प्लुटोनियम २४,००० वर्षांत निम्मं होतं, दहा लाख वर्षांनी शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार? आणि अळूवडी, तुमचा राडारोडा उद्या डंपर उचलून नेणार. मग थर कुठला?

अळूवडी
उद्या कशाला, काल रात्रीच नेला. कुठे टाकला विचारलं तर ड्रायव्हर नुसता हसला, पण चाकांना नदीकाठचा चिखल होता. पुरुषभर थर एका रात्रीत उचलून दुसरीकडे नेणं हे आजवर फक्त पुराला जमायचं. हा मुद्दा माझ्या खात्यात धरतो.