आयएलपी कार्यशाळा, सांगली: अलेफ उदाहरणंच नियम म्हणून परत देतंय, शिवाय दोन दिवसांत काय बसेल?

कृष्णाकाठ

मंडळी, सांगलीत एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा आहे. विषय: लॉजिक प्रोग्रॅमिंगमधून मशीन लर्निंग, म्हणजे आयएलपी (इंडक्टिव्ह लॉजिक प्रोग्रॅमिंग): उदाहरणांवरून नियम मशीनने शोधायचे. पायथॉन सगळ्यांना येतं, प्रोलॉग परीक्षेपुरतं. लॅबमध्ये विंडोज, नेट बेभरवशाचं.

उदाहरण म्हणून नाती घेतलीत. माहिती अशी:

वडील(दिनकर, केतन).
बहीण(सुमन, दिनकर).

अशी चार घरांची. शिकायचं आहे आत्या(सुमन, केतन). एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमधलं अलेफचं (नियम शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं) पॅक वापरतोय. मोड, म्हणजे कोणत्या पदात काय आत जातं आणि काय बाहेर येतं, असे:

आत्या(+व्यक्ती, +व्यक्ती)
वडील(+व्यक्ती, -व्यक्ती)
बहीण(-व्यक्ती, +व्यक्ती)

डिटरमिनेशन (आत्याच्या नियमात कोणती पदं वापरता येतील ते) वडील आणि बहीण दोन्हींचं दिलंय. तरी इंड्यूस (नियम शोधायची आज्ञा) केलं की नियम म्हणून दिलेली उदाहरणंच जशीच्या तशी बाहेर पडतात. कुठं चुकतंय? आणि अलेफ, पॉपर (हेही नियम शोधणारं), प्रॉबलॉग (शक्यता जोडलेलं प्रोलॉग), डीपप्रॉबलॉग (त्याला न्यूरल नेटवर्क जोडलेलं) यांतलं दोन दिवसांत काय घ्यावं?

बॅकट्रॅक

मोड उलटा पडलाय. अधिक म्हणजे आधी हातात असलेली व्यक्ती, उणे म्हणजे तिथून नव्याने सापडणारी. तुमच्या मोडने केतनपासून निघालं तर केतनची मुलं मिळतात, त्याचे वडील नाहीत. सुमनपासून निघालं तर सुमनच्या बहिणी मिळतात, भाऊ नाही. म्हणजे दिनकर कोणत्याच वाटेने हाती लागत नाही, आणि आत्याच्या नियमात मधला दुवा तोच आहे. चांगला नियम सापडला नाही की अलेफ ते उदाहरणच ठेवून पुढे सरकतं.

एकच बदल करा: वडील(-व्यक्ती, +व्यक्ती). आता केतनवरून दिनकर मिळतो, दिनकरवरून सुमन. नियम या अर्थाचा यायला हवा:

आत्या(_अ, _ब) :- वडील(_क, _ब), बहीण(_अ, _क).

हे तपासायला सॅट ही आज्ञा आहे. सॅट(१) दिलं की पहिल्या उदाहरणाचं बॉटम क्लॉज, म्हणजे त्याच्या नियमात येऊ शकणाऱ्या सगळ्या पदांची यादी, छापून येतं. तुम्हाला हवं ते पद त्यात नसेल, तर पुढचा शोध कितीही वेळ चालू द्या, ते नियमात येणारच नाही. कार्यशाळेत हे स्क्रीनवर दाखवाच, अर्धी शिकवणी तिथेच होते. (आज्ञा अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या, इथे उच्चार लिहितोय.)

पुढची पायरी म्हणून आतेभाऊ घेतलात तर वडील, बहीण, आई आणि पुरुष अशी चार पदं लागतात. आईचा मोडही वडिलांसारखाच, मुलावरून आईकडे जाणारा ठेवा. क्लॉजलेंग्थ (नियमातल्या पदांची मर्यादा) मुळात ४ असते आणि त्यात डोकंही (:- च्या आधीचं पद) मोजलं जातं, म्हणून ती ५ करा. नाहीतर पुन्हा तीच तक्रार घेऊन याल.

अजिंक्यतारा

वरचं बरोबर. पण नकारात्मक उदाहरणांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि खरी गोम तिथे असते. ती दिलीच नाहीत तर ‘कोणीही कोणाचीही आत्या’ हा बिनशर्त नियमसुद्धा सगळ्या उदाहरणांना लागू पडतो. नुसती पुरुषांची नावं टाकलीत आणि स्त्री हे पद उपलब्ध असेल, तर ‘स्त्री असली की आत्या’ एवढ्यावर गाडी थांबते. जवळपास आत्या वाटतील पण नाहीत अशा जोड्या हव्यात: केतनची मावशी, केतनची सख्खी बहीण, आणि क्रम उलटा केलेली जोडी, म्हणजे केतन सुमनची आत्या.

अलेफमध्ये नॉइज (नियमाने चुकून किती नकारात्मक उदाहरणं धरलेली चालतील ते) मुळात शून्य असतो. एक चुकीचं नकारात्मक उदाहरण बरोबर नियमाला पाडायला पुरतं. चार घरांची माहिती कागदावर एकदा ताडून घ्या.

देवनागरीत कोड लिहिताय ते छान, पण तीन गोष्टी सांभाळा. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे प्रोलॉग तुमचा प्रत्येक शब्द अ‍ॅटम (ठरलेलं नाव) समजतं. चलाला (व्हेरिएबलला) आधी अंडरस्कोर लागतोच. जुन्या आवृत्तीत, विशेषतः विंडोजवर, फाइलच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचं सांगा. आणि ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप होतो: एकच अक्षर म्हणून किंवा र खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना सारखा, प्रोलॉगला वेगळा. नाव एका फाइलमधून दुसरीत कॉपी करा, पुन्हा टाइप करू नका.

पॉपरला मात्र देवनागरी चालणार नाही. त्यातली नियमांची जुळणी क्लिंगो हा सॉल्व्हर करतो, आणि क्लिंगोला प्रेडिकेट व प्रकारांची नावं रोमनमध्येच लागतात.

कृष्णाकाठ

वडिलांचा मोड बदलला, नियम आला. सॅट(१) मध्ये दिनकरकडे नेणारं पद आधी खरंच नव्हतं. आता वेळापत्रकाचं सांगा. डीपप्रॉबलॉग घ्यावंच असा विभागाचा आग्रह आहे.

बॅकट्रॅक

आग्रह असू दे, ते शेवटच्या अर्ध्या तासात नुसतं दाखवा. २०१८चं त्यांचं एमनिस्टचं उदाहरण सांगायला सोपं आहे: हाताने लिहिलेल्या दोन अंकांची चित्रं द्यायची आणि फक्त बेरीज सांगायची, कोणतं चित्र कोणता अंक हे नेटवर्क बेरजेच्या नियमातून शिकतं. मुलांच्या हातून करून घ्यायचं तर पायटॉर्च (न्यूरल नेटवर्कची लायब्ररी) बसवण्यातच दुपार जाईल.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत निव्वळ प्रोलॉग: युनिफिकेशन, बॅकट्रॅकिंग, नकार म्हणजे सिद्ध न होणं. पूर्वजचा नियम स्वतःलाच आधी बोलावतो तसा लिहून अडकू द्या, मग टेबल लावून (टेबलिंग, म्हणजे आधीची उत्तरं जपून ठेवणं) सोडवा. दुपारी मिचाल्स्कीच्या दहा आगगाड्या (आयएलपीचं जुनं उदाहरण) कागदावर. पाच पूर्वेला, पाच पश्चिमेला. मुलांनीच नियम शोधायचा. आखूड आणि बंद डबा असेल ती गाडी पूर्वेची, हे कोणी तरी काढतंच. मग तेच अलेफला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉपर, दुपारी प्रॉबलॉग.

अजिंक्यतारा

पॉपरमध्ये तीन फाइली: बायस (नियमात काय चालेल ते), पार्श्वज्ञान, उदाहरणं. मोडचा ताप कमी, पण चलांची आणि पदांची कमाल संख्या आधी लहान ठेवा, नाहीतर शोध फुगतो. चुकलेला नियम फार सैल निघाला तर त्याहून सैल सगळे बाद, फार घट्ट निघाला तर त्याहून घट्ट सगळे बाद. फळ्यावर हे एका उदाहरणाने करा. रिकर्शन हवं असेल तर बायसमध्ये वेगळं सुरू करावं लागतं.

प्रॉबलॉगला तासगावच्या द्राक्षबागा घ्या, सांगलीच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. पान ओलं राहिलं तर केवडा रोगाची शक्यता ०.६, शेजारच्या बागेत लागण असेल तर ०.५ (आकडे सरावापुरते). दोन्ही असतील तर किती? मुलं १.१ नाहीतर ०.३ म्हणतात. उत्तर ०.८: १ वजा (०.४ × ०.५), कारण दोन्ही कारणं स्वतंत्रपणे फसली तरच केवडा येत नाही. मग एलएफआयने (लर्निंग फ्रॉम इंटरप्रिटेशन्स) हेच आकडे निरीक्षणांवरून शिकवा. पण तिथे फक्त आकडे शिकले जातात, नियम तुम्हीच लिहिलेला असतो. अलेफशी गल्लत होते ती इथेच.

बॅकट्रॅक

नेटचं: लॅबमधल्याच एका मशिनवर, तीच विंडोज आणि तीच पायथॉन आवृत्ती ठेवून, पिप डाउनलोडने सगळी पॅकेजेस फोल्डरमध्ये उतरवा आणि पेन ड्राइव्हवरून नो-इंडेक्स (नेटवर शोधू नको) देऊन बसवा. घरच्या लॅपटॉपवर दुसरी आवृत्ती असेल तर ती चालणार नाहीत. पॉपरसाठी जानुस (पायथॉन आणि प्रोलॉग जोडणारं पॅकेज) लागतं. ते बसताना प्रोलॉगचा पाथ सापडत नाही म्हणून किंवा सी कंपायलर नाही म्हणून अडतं. हे आदल्या आठवड्यात करून बघा. नाहीच जमलं तर पॉपर तुमच्या एकाच मशिनवर प्रोजेक्टरला लावा आणि मुलांकडून नुसत्या बायस फाइली लिहून घ्या.